गुडघ्यातलं एसीएल (आतली दोरी) पूर्ण तुटलंय, गादीलाही (मेनिस्कस) चीर आहे. लगेच ऑपरेशन की आधी व्यायाम?

कृष्णाकाठची:

नमस्कार. मी कराड तालुक्यातली, वय २३. शाळेपासून कबड्डी खेळते, मंडळाच्या संघात चढाईला असते आणि बरोबरीने पोलीस भरतीची तयारी चालू आहे. दिवाळीनंतर एका स्पर्धेत मॅटवर खेळताना उजवा गुडघा गेला. कुणी पकड केली नव्हती, धक्काही लागला नव्हता. बोनस घेतला, कोपऱ्यावरच्या मुलीला हूल दिली आणि मध्यरेषेकडे वळताना बूट मॅटला धरून बसला, अंग तेवढं फिरलं. आतून ‘कट्’ असा आवाज आला. उठून चार पावलं चालले, म्हणून सगळ्यांना वाटलं लचकलंय. पण रात्रीच्या जेवणाच्या आतच गुडघा इतका सुजला की ट्रॅकपँट त्यावरून उतरेना.

गावातल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढायला लावला. हाड शाबूत निघालं. क्रेप बँडेज आणि गोळ्या दिल्या. सूज थोडी उतरली तशी मी चालायला लागले. मग एकदा गोठ्यात म्हशीपुढं वैरण टाकून मागे वळले आणि गुडघा निसटला, धाडकन खालीच बसले. दुखलं कमी, घाबरले जास्त. त्यानंतर एमआरआय केला. रिपोर्टमध्ये एसीएल पूर्ण तुटलेलं, आतल्या बाजूच्या मेनिस्कसच्या मागच्या भागाला उभी चीर आणि हाडाला आतून मार, असं आहे.

दोन डॉक्टरांना दाखवलं. पहिले म्हणाले, दोरी आपोआप जुळत नाही, वय लहान आहे, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन करून टाकू. खर्च एक लाख साठ हजार सांगितला, फिजिओचा वेगळा. दुसरे म्हणाले, गुडघा अजून गरम आहे, पूर्ण सरळ होत नाही, आधी व्यायाम कर, मग बघू. कदाचित ऑपरेशन लागणारही नाही. दोघेही जुने-जाणते आहेत. एकाचं ऐकावं तर दुसऱ्याचं खोटं ठरतं, आणि कुणाचं खोटं म्हणायची माझी समज नाही.

घरी पप्पा म्हणतात उसाचं बिल आलं की भरू, तू पैशाचं बघू नको. पण ते बिल सोसायटीच्या कर्जाला जायचंय हे मला माहीत आहे. आईला काळजी वेगळी, मुलीच्या पायावर टाके दिसले तर स्थळं काय म्हणतील. दिवसा असं म्हणते आणि रात्री दोनदा उठून गुडघ्यावरची बर्फाची पिशवी बदलते. आत्या शेजारच्या गावात चोळून देणाऱ्याकडे न्यायला बसली आहे.

मला परत चढाई करायची आहे आणि भरतीचं मैदानही मारायचं आहे. ऑपरेशनशिवाय हे जमतं का? थांबले तर आत आणखी काही बिघडतं का? कुणी यातून गेलं असेल तर सविस्तर सांगा.

माणदेशी मास्तर:

तू म्हणतो, कारण माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची आहेस. आधी आत्यांना थांबव. गुडघ्यात रक्त साकळलेलं असताना चोळणं, हिसका देऊन ‘बसवणं’ अजिबात नको. आत तुटलेली दोरी चोळून जुळत नाही, आणि गादीची चीर मात्र हिसक्याने वाढू शकते. हळद-चुन्याचा लेप लावायचाच असेल तर घरच्यांच्या समाधानासाठी वरवर लावू दे, दाबू देऊ नकोस.

माझं डाव्या गुडघ्याचं एसीएल व्हॉलीबॉल खेळताना गेलं. ऑपरेशन केलं नाही. फिजिओथेरपिस्टकडे व्यायाम शिकलो, मांडीचा स्नायू पुन्हा भरला आणि आज सायकलवर शाळेत जातो, मुलांना घेऊन डोंगर चढतो, वर्गात दिवसभर उभा असतो. गुडघा निसटत नाही. पण मी व्हॉलीबॉल सोडलं. उडी मारून एका पायावर उतरायचं आणि लगेच वळायचं, हे माझ्याकडून होत नाही, मी करतही नाही. माझी गादी शाबूत होती आणि वय ३४ होतं. माझा रस्ता तुझ्या कामाचा आहे का, हे या दोन गोष्टींवर तोलून बघ. ‘मास्तरांचं विनाऑपरेशन बरं झालं’ एवढंच वाचून ठरवू नकोस.

वडील_नाशिक:

दुसरी बाजू सांगतो, कारण आम्ही ती भोगली. मुलगा फुटबॉल खेळतो. इजा झाली आणि आठवड्याभरात ऑपरेशन उरकलं. गुडघा फुगलेला होता, सरळ होत नव्हता, तरीही. ऑपरेशन छान झालं असं सांगण्यात आलं, पण पुढे गुडघा आखडला. ना पूर्ण सरळ, ना नीट वाकत. आतल्या चिकट्या सोडवायला पुन्हा भूल द्यावी लागली. आता बरा आहे, पण त्या सहा महिन्यांत पोरगं खचलं. दुसऱ्या डॉक्टरांनी नंतर समजावलं की हा गुडघा आधी शांत व्हायला हवा होता. ताई, घाई कुणाची आहे ते बघा. तुमच्या गुडघ्याची आहे की ऑपरेशनच्या तारखेची?

फिजिओ_सातारा:

मी खेळाडूंबरोबर काम करतो, त्यात कबड्डीच्या मुली बऱ्याच असतात. मातीवर पाय थोडा घसरतो, मॅटवर बूट धरून राहतो आणि वळण्याचा सगळा जोर गुडघ्यावर येतो. धक्का न लागता तुटणं हाच एसीएलचा नेहमीचा प्रकार आहे, आणि वळण्या-उड्यांच्या खेळांत मुलींमध्ये ही इजा मुलांपेक्षा जास्त होते. तेव्हा ‘मी कशी वळले’ याचा दोष स्वतःकडे घेऊ नका.

मला तुमच्या पोस्टमधलं एकच वाक्य खटकलं: गुडघा पूर्ण सरळ होत नाही. याची दोन कारणं असू शकतात आणि दोन्हींचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. एक, आत सूज आहे, त्यामुळे मांडीचा पुढचा स्नायू झोपी गेला आहे आणि मागचा आवळला आहे. असा गुडघा व्यायामाने हळूहळू सरळ होतो आणि तो होईपर्यंत ऑपरेशन न करणं शहाणपणाचं. दोन, गादीचा फाटलेला पदर उलटून सांध्यात अडकला आहे. असा गुडघा एका ठरावीक जागी येऊन अडतो, तिथे टणक लागतो, व्यायामाने पुढे सरकत नाही आणि तिथे जोर लावत बसायचंही नसतं. हे असेल तर थांबायचं नाही. एमआरआयची सीडी घेऊन जा आणि डॉक्टरांना सरळ विचारा, गादी जागेवर आहे की अडकली आहे? नुसता कागद दाखवू नका, फिल्म दाखवा आणि गुडघ्याला हात लावून तपासायला सांगा.

अडकली नसेल, तर एसीएल तुटणं ही आज रात्रीच ऑपरेशन करावं अशी गोष्ट नाही. यावर चांगले अभ्यास झाले आहेत. स्वीडनमध्ये १८ ते ३५ वयाच्या १२१ जणांचे दोन गट केले. एकाचं लवकर ऑपरेशन आणि व्यायाम, दुसऱ्याचा आधी व्यायाम आणि गरज वाटली तरच ऑपरेशन. २०१० साली निकाल छापून आला. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांत म्हणावा असा फरक नव्हता आणि दुसऱ्या गटातल्या निम्म्याहून जास्त लोकांना तोवर ऑपरेशन लागलंच नव्हतं. पाच वर्षांनी मात्र त्या गटातल्या जवळपास निम्म्यांचं झालेलं होतं. हॉलंडमध्ये १६७ जणांवर असाच अभ्यास झाला, तो २०२१ चा. तिथेही व्यायामवाल्यांतल्या निम्म्यांचं दोन वर्षं ऑपरेशनशिवाय निभावलं. म्हणजे तुमचे दुसरे डॉक्टर हवेत बोलत नाहीत.

आता पहिल्या डॉक्टरांची बाजू. ब्रिटनमधल्या २०२२ च्या अभ्यासात ३१६ जण होते, सगळे इजेला बराच काळ लोटलेले आणि गुडघा अजूनही निसटत असलेले. त्यांच्यात ऑपरेशनवाले दीड वर्षाने स्पष्टपणे बरे निघाले. शिवाय स्वीडनच्या अभ्यासात व्यावसायिक खेळाडू घेतलेच नव्हते, आणि चढाई म्हणजे सगळं वळणंच. माझा अनुभवही तोच आहे. सरळ पळणं, गोळाफेक, सायकल, रानातलं काम एसीएलशिवाय पुष्कळांना जमतं. चढाईपटूला ते जमलेलं मी फार थोडं पाहिलं. त्या थोड्यांच्याही गादीची पुढे वाट लागते, कारण गुडघा जितक्या वेळा निसटतो तितकी गादी चिरडली जाते.

आणि तुमच्या बाबतीत सगळं त्या गादीवर येऊन थांबतं. मागच्या भागातली उभी चीर, ती बाहेरच्या कडेला असेल तर, टाके घालून जुळवता येते, कारण तिथे रक्तपुरवठा असतो. वयही तुमच्या बाजूने आहे. पण निसटत्या गुडघ्यात नुसते टाके टिकत नाहीत, म्हणून गादीची शिलाई आणि एसीएल एकत्रच करतात. हीच चीर महिनोन्‌महिने चिरडली गेली तर शिवण्यासारखी राहत नाही, कापून काढावी लागते, आणि कापलेल्या गादीचा गुडघा लवकर झिजतो. माझं मत विचाराल तर, गुडघा शांत करायला चार-सहा आठवडे जरूर घ्या, पण ‘बघू पुढच्या सीझनला’ असं करू नका.

या आठवड्यांत काय करायचं ते जवळच्या फिजिओकडून समोरासमोर शिकून घ्या. मी एकच गोष्ट नीट सांगतो. पाय सरळ ठेवून बसा, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघ्याखाली काही नको. आता गुडघ्याची मागची बाजू खाली अंथरुणाकडे दाबायची आणि मांडीचा पुढचा स्नायू घट्ट करायचा. वाटी वर सरकताना दिसली पाहिजे. हात ठेवून बघा, उजव्या मांडीला वाटीच्या वर आतल्या बाजूला मऊ लागेल, डावीला टणक. हा मऊपणा जाऊन पाय गुडघ्यात न वाकता सरळ उचलता आला की गुडघा तयार होत आला. रात्री गुडघ्याखाली उशी घेऊन झोपू नका, आराम वाटतो पण गुडघा वाकडाच राहतो.

डॉक्टरांना विचारायचं आणखी एक. नवीन दोरी कुठून घेणार? मांडीच्या मागून, वाटीखालून की घोट्याजवळून, तिन्ही चालतात. वाटीखालून घेतलेली मजबूत असते, पण गुडघे टेकताना पुढे दुखत राहू शकतं. तुम्ही जमिनीवर बसता, गुडघे टेकता, खेळताही तसंच. हे डॉक्टरांना सांगा, न सांगता ते आपणहून गृहीत धरणार नाहीत. स्वीडन-हॉलंडच्या अभ्यासांत मांडी घालून जेवणारं बहुधा कुणी नसावं. गादी शिवणार की कापणार हेही आधी विचारून ठेवा. शिवली तर बहुधा चार ते सहा आठवडे पूर्ण भार टाकू देत नाहीत आणि गुडघा ९० अंशांपुढे वाकवू देत नाहीत. घरात कोण असेल, कुबड्या, संडास, सगळं त्यावर ठरवायचं.

परत खेळायला नऊ महिन्यांआधी नाही. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या खेळाडूंवरच्या २०१६ च्या अभ्यासात नऊ महिन्यांपर्यंत प्रत्येक महिना थांबण्याने पुन्हा इजा होण्याचं प्रमाण निम्म्यावर येत गेलेलं दिसलं. आणि नुसते महिने मोजून भागत नाही, उजव्या मांडीची ताकद डावीच्या किमान ९० टक्के यायला हवी.

खाकीतली_ताई:

कृष्णाकाठची, तुझी पोस्ट वाचून राहवलं नाही. माझं एसीएल भरतीच्या आधी गेलं, खो-खो खेळताना. ऑपरेशन झालं, मैदान दिलं, आज वर्दीत आहे. बंदोबस्ताला बारा-बारा तास उभी राहते.

यंदाचं मैदान डोक्यातून काढ. मैदानी ५० गुणांचं, त्यात मुलींना ८०० मीटरचे २०, १०० मीटरचे १५, गोळ्याचे १५, आणि निम्मे गुण मिळाले तरच लेखीचा विचार. निसटत्या गुडघ्याने १०० मीटरला जोर लावायचा म्हणजे ट्रॅकवर पडायची तयारी. तू २३ ची आहेस. शिपाई भरतीला खुल्या गटाला २८ पर्यंत आणि मागासवर्गीयांना ३३ पर्यंत वय चालतं. वेळ आहे तुझ्याकडे. लेखी १०० गुणांची आहे आणि तिला गुडघा लागत नाही. मी कुबड्यांवर असताना अंकगणित आणि मराठी व्याकरण पक्कं केलं, मैदानात कमी पडले ते तिथे भरून निघालं.

आता घरातलं सांगते, हे कुणी डॉक्टर सांगत नाही. संडास भारतीय असेल तर कमोडची खुर्ची आधीच आणून ठेव. ऑपरेशननंतर पहिल्या दिवशी धावपळ नको. अंघोळीला प्लास्टिकचं स्टूल, उंच. लांब ब्रेस लागतो, त्यावर सलवार चढत नाही, सैल गाऊन शिवून घे. अंथरूण खाली टाकत असाल तर कॉट लागेल, जमिनीवरून उठणं होत नाही. एसटीने तपासणीला जाऊ नकोस पहिल्यांदा, पायऱ्या फार उंच असतात. आणि मांडी बघून रडू येईल, थोड्या दिवसांत अर्धी होते. भरते परत, पण सावकाश.

तिसऱ्या महिन्यात सगळ्यात जप. दुखायचं थांबतं, चालणं झोकात होतं, आणि वाटतं झालं आता. माझ्या फिजिओ मॅडमनी तेव्हाच मला पळण्यापासून अडवलं. बसवलेली दोरी आत पहिल्यांदा कमजोर होते आणि मग त्यात नवीन रक्तवाहिन्या येऊन ती हळूहळू पक्की होते, म्हणजे आपल्याला बरं वाटतं तेव्हाच ती कच्ची असते. संघातल्या पोरी बोलवायला येतील, ‘नुसती उभी राहा गं’ म्हणतील. नाही म्हण.

आईला सांग, दुर्बिणीतून करतात. दोन बारीक ठिपके आणि वाटीखाली बोटाच्या दोन पेरांएवढी रेघ. माझं लग्न झालंय, सासूबाईंना मीच दाखवली होती. त्यांनी तेलाची बाटली आणून दिली. पैशाचं म्हणशील तर सरकारी आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेची माहिती देणारे, बसतात. रेशनकार्ड, आधार आणि एमआरआयचा रिपोर्ट घेऊन पप्पांना आधी तिथे पाठव, तुझं ऑपरेशन त्यात बसतं का ते लेखी बघून या. आणि खासगीत करायचं ठरलं तर बिलात दोरी बसवायच्या स्क्रू-बटणाचा खर्च वेगळा लिहून माग, एक लाख साठ हजारांत काय काय आलं ते कळू दे.

कृष्णाकाठची:

सगळ्यांचे मनापासून आभार. फिजिओ दादांनी सांगितलं तसं सीडी घेऊन पप्पा आणि मी दुसऱ्या डॉक्टरांकडे परत गेलो. मी प्रश्न वहीच्या पानावर लिहून नेले होते. त्यांनी फिल्म लावून मला स्क्रीनवर दाखवलं, गादी कुठे आहे, चीर कुठे आहे. मग आडवं झोपवून गुडघा किंचित वाकवला, एका हाताने मांडी धरली आणि दुसऱ्याने नडगी पुढे ओढली. डाव्या पायाला खाडकन अडलं, उजव्याला अडलंच नाही, नडगी पुढे येत राहिली. पप्पा बघत होते. त्यांना तोवर वाटत होतं की व्यायामाने दोरी जुळेल. ते काही बोलले नाहीत, पण बाहेर आल्यावर ऑपरेशन करायचंच म्हणाले.

गादी अडकलेली नाही. चीर कडेला आहे, शिवता येईल असं डॉक्टर म्हणाले. मी सरळच सांगितलं की मला चढाई करायची आहे, निसटलाही आहे एकदा. त्यावर तेही म्हणाले, मग तुझ्यासाठी ऑपरेशनच बरं, पण गुडघा सरळ झाल्याशिवाय मी हात लावणार नाही. पहिल्या डॉक्टरांचं ऑपरेशनबद्दलचं म्हणणं बरोबर होतं, यांचं वेळेबद्दलचं. दोघांत भांडण नव्हतंच, हे कळल्यावर रात्री नीट झोप लागली.

टॉवेलचा व्यायाम चालू केलाय. वाटी आधी हलतही नव्हती, आता थोडी वर सरकते. आई समोर बसून वाटीकडे टक लावून असते, सरकली की ‘हां’ म्हणते. आत्याला मास्तरांचं उत्तर वाचून दाखवलं, ती आता बर्फ करायला डबे भरून ठेवते. पप्पा सोमवारी आरोग्यमित्राला भेटायला जाणार आहेत, कागद काढून ठेवलेत.

दोरी मांडीच्या मागून घेणार आहेत. गुडघे टेकण्याचं मी सांगितल्यावरच त्यांनी तसं ठरवलं. फिजिओ दादा, मागून घेतली तर तो मागचा स्नायू कच्चा राहतो का? चढाईत पाय मागे खेचून सुटायचं असतं, तिथे तोच लागतो. त्याचे व्यायाम कितव्या आठवड्यापासून चालतात, आणि गादी शिवली तर ते आणखी पुढे जातात का?

खाकीतल्या ताई, यंदा फॉर्म भरत नाही. तुम्ही अंकगणित आणि व्याकरणाचं लिहिलंत, ते मला जमतं. माझं बुद्धिमत्ता चाचणीत अडतं, आकृत्यांमध्ये फार वेळ जातो. तुम्ही त्याचा सराव कसा केला होता?